हा सून हा

मी बँकेत कारकून आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे जे काही रामायण घडले त्याचे बरेचसे श्रेय या एका वाक्याकडे जाते. वीस वर्षे दुसऱ्याचे पैसे मोजत बसले की माणसात दोन फरक पडतात. एक म्हणजे स्वतःचे पैसे मोजायची त्याला भीती वाटू लागते (ते फार लवकर मोजून होतात). दुसरा म्हणजे नोट उजेडात धरून पाहावी तसा तो समोरचा माणूसही उजेडात धरून पाहू लागतो.

२०२३ च्या दिवाळीत आम्ही बँकॉकला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि सौ. 'वीस वर्षांत तुम्ही मला महाबळेश्वरच्या पुढे नेलं नाहीत' हे वाक्य आमच्या घरात पंचांगासारखे दर वर्षी नव्याने निघत असे. पूर्वी काही बहाद्दर एलटीसीत परदेशाचा फेरफटका बसवून घेत. पण २०२२ साली सुप्रीम कोर्टाने परदेश घुसवलेल्या एलटीसीला करमाफी नाही असा निकाल दिला आणि ती वाट बंद झाली. मी त्या वाटेने कधी गेलो नव्हतो. पण बंद झालेल्या वाटेबद्दल हळहळायला तिच्यावरून चाललेलेच असावे लागते असे नाही. शेवटी एक मुदत ठेव मोडली. बँकेच्या माणसाने मुदतीआधी ठेव मोडणे म्हणजे भटजीने स्वतःचे लग्न मुहूर्त न बघता लावण्यासारखे आहे.

निघताना आईने पासपोर्ट घेतलास का, असे विचारले नाही. विमानाबद्दलही शंका काढली नाही. बेसनाच्या लाडवांनी भरलेला स्टीलचा डबा सुनेच्या हातात देत ती एवढेच म्हणाली, "डबा परत आण हो. ह्यांचं नाव आहे त्याच्यावर."

डब्यावर बाबांचे नाव आणि १९७४ साल कोरलेले आहे. बाबा जाऊन नऊ वर्षे झाली. डबा आहे.

बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. फलकावर ते वाचून ऊर भरून आला आणि तिथल्या चौकशीच्या खिडकीत मी ते तोंड भरून उच्चारले. खिडकीतल्या मुलीला ते कळेना. शेवटी तिने माझ्या हातातला कागद वाचला आणि म्हणाली, "ओ, सुवन्नपूम!" संस्कृत आपले, पण उच्चारांचा चार्ज त्यांच्याकडे आहे.

हॉटेल प्रातुनाम भागात होते. प्रातुनाम म्हणजे पाण्याचा दरवाजा. जवळूनच सेन सेप नावाचा कालवा जातो. त्यातून लांबोळक्या मोटारबोटी आपल्या लोकलच्या आवेशाने सुटतात. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या काठावरून चालत तिकिटे फाडतो आणि पाणी उडायला लागले की काठाचे प्रवासी दोरी ओढून ताडपत्री वर घेतात. डोंबिवलीचा माणूस तिथे पहिल्याच दिवशी रुळतो. चौथी सीट मिळाल्यासारखा बसतो आणि शेजाऱ्याच्या पिशवीवर पाय ठेवतो.

स्वस्त हॉटेलाबद्दल मी तक्रार करणार नाही. जाहिरातीत 'खिडकीतून शहराचे दृश्य' असे लिहिले होते. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर गळणारी एसीची सात यंत्रे. आता ते शहराचेच दृश्य होते, यात वाद नाही. खोली एवढीशी की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचे. दारामागे पाटी होती. तिच्यावर सिगारेटच्या चित्रावर एक लाल काट आणि फणसासारख्या दिसणाऱ्या ड्युरियन फळाच्या चित्रावर दुसरी. वासामुळे हे फळ हॉटेलात आणायला बंदी, आणले तर दंड. माझे आजोळ रत्नागिरीकडचे. त्यामुळे पाटी वाचून घरच्याच कुणाला तरी पोलिसांनी नेल्यासारखे वाटले. मात्र न्हाणीघरात पाण्याची फवारणी होती. सौ.ने ती चालवून पाहिली आणि तिथेच त्या देशाला पास करून टाकले.

काउंटरवर साठीच्या एक मावशी बसायच्या. चष्म्याला दोरी, पुढ्यात रजिस्टर, रजिस्टरच्या शेजारी कॅल्क्युलेटर आणि चेहऱ्यावर 'लंच टाइम' अशी पाटी. मी त्यांच्याकडे पाहिले आणि परदेशात सख्खी बहीण भेटल्याचा आनंद झाला. त्यांनी पाचशे बाट अनामत घेतली, पावती दिली, किल्ली दिली आणि फोन उचलून वरच्या कुणाला तरी म्हणाल्या, "हा सून हा."

सौ. दचकली. "अहो, ही मला हसतेय का?"

आता आमच्या घरची सून तिथे उभी होती हे खरे. पण तिच्या अलीकडे पलीकडे हा-हा करण्यासारखे काही नव्हते. जिना चढताना उलगडा झाला. खोलीचा नंबर ५०५. थाई भाषेत पाचाला 'हा' म्हणतात आणि शून्याला 'सून'. आपलेच शून्य तिकडे जाऊन सून झाले. (आपल्याकडे कित्येक घरांत याच्या उलट होते, असे सौ. म्हणाली. मी ते फक्त नोंदवून ठेवतो.) तिथली तरुण मुले चिठ्ठीचपाटीत ५५५ लिहितात म्हणे; म्हणजे हा-हा-हा. आमच्या हास्याच्या मधोमध सून आल्यामुळे ते अर्धवट राहिले होते.

दाराबाहेर एका खांबावर देव्हाऱ्याएवढे रंगीत घर होते. बँकॉकमध्ये जिकडे तिकडे अशी घरे दिसतात. इमारत उठली की त्या जागेच्या राखणदाराला राहायला वेगळी जागा द्यायची, ही पद्धत. कोकणात आपला जागेवाला असतो, तसाच हा. फरक नैवेद्यात. याच्यापुढे फुले, उदबत्त्या आणि लाल फँटाच्या बाटल्या. बूच काढलेल्या आणि आत स्ट्रॉ घातलेल्या! देवाला कसे प्यावे याची अडचण पडू नये एवढी काळजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

खाण्याचे फार सांगत नाही. तुळशीची पाने घालून परतलेले मांस हा तिथला घरोघरचा पदार्थ आहे आणि आईच्या हाती हा लेख पडू नये अशी माझी प्रार्थना आहे. आम्ही दोन दिवस भात, फळे आणि लाडू यांवर काढले.

आता पैशांकडे वळतो. बाटाचा भाव तेव्हा दोन रुपये पस्तीस पैशांच्या आसपास होता. बाट हे मुळात वजनाचे नाव. सोने तिथे आजही बाटावर विकतात, आणि एक बाट म्हणजे पंधरा ग्रॅमच्या थोडे वर. हे कळल्यावर सौ.ने तोळ्याचा हिशेब सुरू केला, तेव्हा मी तिला समोरचा पंचाऐंशी मजल्यांचा बायोक टॉवर दाखवला. उंच इमारती अशा वेळी उपयोगी पडतात.

आमच्याजवळ एका पाकिटात हजाराच्या आठ नोटा होत्या. खोलीच्या कपाटात छोटी तिजोरी होती. पण आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकट्याने उघडते त्या पेटीला आम्ही तिजोरी म्हणत नाही, डबा म्हणतो. म्हणून पहिल्या रात्री मी पाकीट उशीच्या अभ्र्यात ठेवले. सकाळी अभ्रे बदलायला येतात हे लक्षात आल्यावर ते बुटात गेले. दुसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली आणि बूट चोरीला जातात हे आठवले. (आपल्याकडे देवळाबाहेर जातात, खोलीतून नव्हे, पण रात्री दोनला हा भेद राहत नाही.) मी उठून पाकीट कुणालाही सुचणार नाही अशा ठिकाणी ठेवले. जागा इतकी नामी होती की सकाळी मलाही सुचली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरून आलो. खोली झाडलेली, चादर ताणलेली. बूट पाहिले, पाकीट नाही.

"अहो, नीट आठवा," सौ. म्हणाली. "आधी शोधू या."

"अगं, वीस वर्षं कॅश सांभाळतोय मी! एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. खोलीत कोण आलं होतं? साफ करणारी बाई!"

आणि मी तरातरा पाच जिने उतरून काउंटरवर गेलो.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतले, रजिस्टर पाहिले आणि फोन केला. बाईंची पाळी संपली होती, त्या घरी गेल्या होत्या. पाऊण तासाने त्या भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आल्या. पन्नाशीची किडकिडीत बाई, ब्रह्मदेशातून पोटासाठी आलेली. मावशी त्यांना काहीतरी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. काही बोलल्या नाहीत. खांद्यावरची पिशवी काढली आणि एकेक वस्तू काउंटरवर मांडू लागल्या. कंगवा. औषधाची पट्टी. जेवणाचा डबा. त्याचे झाकणही त्यांनी उघडून दाखवले.

उघडलेला तो डबा पाहून माझ्या पोटात खड्डा पडला.

२००९ साली आमच्या शाखेत माझ्या काउंटरला दहा हजार कमी आले होते. रात्री आठ वाजेपर्यंत मोजणी चालली. मग साहेबांनी, अगदी सभ्यपणे, माझी पिशवी बघायला मागितली. मी पिशवी काढली, छत्री काढली, आणि कुणी न सांगता जेवणाचा डबा उघडून दाखवला. तळाला थोडी उसळ होती. दुसऱ्या दिवशी एक दुकानदार जास्त आलेले दहा हजार घेऊन आपणहून परत आला आणि प्रकरण मिटले. कुणी काही म्हणाले नाही. डब्याचे झाकण तेवढे आदल्या रात्री माझे मीच लावले होते. घरी कुणाला हे सांगितले नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

"राहू दे," मी मावशींना कसाबसा म्हणालो. "मी पुन्हा बघतो."

वर आलो आणि पलंगावर बसलो. माझा चेहरा पाहून सौ. काही बोलली नाही. आमच्याकडे अशा वेळी खायला देतात. तिने लाडवांचा डबा काढला. वरचा थर संपला होता, दुसऱ्यातले दोन उरले होते. ते तिने उचलले, आणि खाली तुपाचे डाग पडलेले पाकीट दिसले.

आठच्या आठ नोटा. मी मोजल्या नाहीत, तिने मोजल्या.

पाच मजले उतरायला त्या दिवशी मला जेवढा वेळ लागला तेवढा आमच्याकडे पेन्शनच्या अर्जालाही लागत नाही. बाई अजून खालीच होत्या, पिशवी भरून दाराबाहेरच्या त्या छोट्या घरापुढे उदबत्ती लावत होत्या. माफी मागायला थाई भाषेत 'खो थोत' म्हणतात एवढे मी विमानात पाठ केले होते. 'खो' म्हणजे मागणे. आणि 'थोत' म्हणजे आपला दोष, तिकडे जाऊन उच्चार बदललेला. आपण क्षमा मागतो, ते लोक दोष मागून घेतात. हा शब्द मला तोवर नुसताच गमतीचा वाटला होता. त्या रात्री मी तो तीनदा म्हणालो.

पाकीट दाखवले. तुपाचे डाग दाखवले. मावशी काउंटरमागून "मै पेन राय" म्हणाल्या. म्हणजे असू दे, चालायचेच. बाई तसे म्हणाल्या नाहीत. म्हणायलाच हवे असे कुठे आहे? मी पाचशेची नोट पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मागून सौ. दोन लाडू घेऊन उतरली होती. ते मात्र घेतले. एक पिशवीत टाकला आणि एक फँटाच्या बाटलीशेजारी राखणदारापुढे ठेवला. मग मोटरसायकलवर बसून गेल्या. मोटरसायकलचे भाडे मला द्यायला हवे होते हे त्या दिसेनाशा झाल्यावर सुचले.

पाचव्या दिवशी आम्ही निघालो. अशा हॉटेलांतून अनामत परत करण्याआधी खोली तपासायची रीत असते. टॉवेल दोन, पेले दोन, सगळे जागेवर आहे ना? मावशींनी फोन उचलला, "हा सून हा" म्हणाल्या आणि आम्हाला थांबायची खूण केली.

आम्ही थांबलो. वर त्या बाई आमची खोली तपासत होत्या आणि खाली मी पिशवी खांद्याला लावून उभा होतो. टॉवेल घेतलेला नाही हे मला पक्के माहीत होते. तरी घाम आला.

फोन वाजला नाही. जिन्यावर पावले वाजली. बाई स्वतःच खाली आल्या. हातात बाबांचा डबा होता, धुऊन लख्ख पुसलेला. रिकामा झाला म्हणून आम्ही तो खिडकीत विसरलो होतो. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती; पण कोरलेल्या नावावरून त्यांनी एकदा बोट फिरवले आणि डबा दोन्ही हातांनी सौ.कडे दिला.

आत काहीतरी वाजले. झाकण उघडले. पलंगाखाली सापडलेली आमचीच चिल्लर होती, आणि सोबत कागदाचा कपटा. त्यावर थाई आकडे. थाई नोटांवर दोन्ही तऱ्हेचे आकडे असतात, त्यामुळे तेवढे मला एव्हाना वाचता येत होते. सतरा.

मी नाणी मोजली. मोजायला नको होती हे मला कळत होते. पण हाताला वीस वर्षांची सवय आहे. बाई माझ्या बोटांकडे पाहत होत्या.

बरोबर सतरा भरली. तेव्हा कुठे त्या पहिल्यांदा हसल्या.