आबाजींची टोपी

दिवाळी जवळ आली की आमच्या शहापूरच्या घरी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरते. दिवाळी आमच्याकडे पूर्वीसारखी होत नाही; पण घराची साफसफाई आणि दिवाळी अंक या दोन गोष्टी काही आम्ही सोडलेल्या नाहीत. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो, आणि आतून निघतात एक विटका हिरवा सदरा आणि रुंद काठाची, एका बाजूने वर दुमडलेली फेल्टची टोपी. आमच्या आबाजींची ही सारी इस्टेट!

लहानपणी एकदा मी ती टोपी चढवली, तर ती थेट नाकापर्यंत आली. आबाजी म्हणाले, "डोक्शापेक्षा टोपी मोठी नोको करू बे!"

या सदऱ्याची एक गंमत आहे. कॉलर उलटून पाहिली, तर शिवणीत मूळचा खाकी रंग दिसतो. खाक म्हणजे माती. मातीच्या रंगाचे कपडे उघड्या मुलखात ठीक. पण ब्रह्मदेशाच्या जंगलात ते दुरून डोळ्यांत भरत. म्हणून १९४३ च्या सुमारास खाकी कपड्यांवरच हिरवा रंग चढवण्यात आला. घाम आणि पाऊस यांनी तो पुढे उतरायचा. "सरडा बरा," आबाजी म्हणत, "त्याले रंगारी लागत नाही."

आबाजींच्या गोष्टींत एक स्कॉटिश शिपाई हमखास येई. त्याने खिशातून फोटो काढून दाखवला होता. फोटोत तो चौकड्यांचा, चुण्याचुण्यांचा घागरा नेसून ऐटीत उभा! आबाजींना हसू आवरेना. पण त्या गोऱ्याचे डोळे भरून आले, तेव्हा हे गप्प झाले.

त्या डोळ्यांतल्या पाण्याचा उलगडा मला पुढे वाचनातून झाला. तो घागरा म्हणजे किल्ट, त्यांच्या डोंगरी मुलखाचा अभिमान. पहिल्या महायुद्धात त्यावर खाकी आडवस्त्र आले. डोक्यावरची दुमडती, फितीची टोपी जाऊन लोकरीची पसरट खाकी टोपी आली आणि १९१६ मध्ये तिच्याही जागी लोखंडी टोप. चुण्यांत उवा होत, चिखल साचे. १९१७ मध्ये मस्टर्ड वायू आला, तेव्हा उघडे गुडघे भाजून निघाले. तरी हे लोक किल्टला धरून राहिले. १९४० साली फ्रान्समध्ये कॅमेरॉन हायलँडर्स पलटणीने तो लढाईत नेसला, तो जवळजवळ शेवटचाच. पुढे तीच पलटण हिंदुस्थानात आली आणि १९४४ मध्ये कोहिमाला लढली, ती किल्टवाचून.

युद्धाने त्या शिपायाचे स्वतःचे वस्त्र काढून घेतले होते. आबाजींना मात्र ते दुःख कधी कळलेच नाही. "गुंड्या हाय, खिसे हाय, पायात बूट हाय, आनखी मानसाले काय पायजे?" असे ते म्हणत.

याला कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना फौजेचे दार बंद झाले. पहिल्या युद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण आमच्या जवळच्या कामठीला. आबाजी तिच्यात भरती झाले.

पहिल्या रजेवर ते घरी आले तो प्रसंग ते फार थोडक्यात सांगत. वाटेवर एक मोठा वाडा होता. त्यापुढून जाताना आमच्या माणसांनी पायताण काढून हातात घ्यायचे, अशी रीत. आबाजी बूट न काढता, टोपी न उतरवता, सरळ चालत गेले. ओसरीवर माणसे बसली होती.

"मंग?" आम्ही मुले विचारत असू.

"मंग काही नाही. कोनी काही बोललं नाही."

गोष्ट इथेच संपे. लढाईच्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज चढत असे. ही सांगताना मात्र तो खाली येई.

टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आहे. स्वातंत्र्यानंतर त्या जागी खंजीर आला. आबाजी तोवर फौजेतून परतून शेतमजुरीला लागले होते. मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. नागपूरला जायचे, तर अंगावर पांढरे कपडे हवेत! आबाजींनी उसने पैसे घेऊन पांढरा सदरा शिवला. आजीने विचारले, "टोपी नाही घालत का?"

"थे सरकारनं देल्ली होती," आबाजी म्हणाले. "हे मी सोताहून घेतलं."

हिरवा सदरा आणि टोपी यांना दर वर्षी मी ऊन दाखवतो आणि पुन्हा पेटीत ठेवतो. पांढरा सदरा मात्र पेटीत नाही. तो आबाजींनी अंगावर घालून घालून फाडला.