आमचें वाटाडेपण

खेडास राहणाऱ्या मनुष्यास पावसाळ्यांत एक बिनपगारी नोकरी आपोआप लागते, व ती म्हणजे वाटाड्याची. मृग नक्षत्र लागून आठ-पंधरा दिवस झाले न झाले तोंच मुंबई-पुण्याकडील आप्तेष्टांचीं पत्रें (हल्लीं पत्रें कसलीं, मोबाइलवरील निरोप!) येऊं लागतात, कीं यंदा धबधबे पाहावयाचे आहेत, तेव्हां येतों. सन १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाल्यापासून तर सकाळीं गाडींतून उतरून संध्याकाळीं परत जाणारे पाहुणेही पुष्कळ झाले. त्यांस भरणे नाक्यावर चहा पाजावा, रिक्षा ठरवावी आणि डोंगराकडे बोट करून बोलत सुटावें, हें काम आम्ही गेलीं वीस वर्षें करीत आलों आहों. पेशा शिक्षकाचा असल्यामुळें बोलण्याची हौस आम्हांस कमी नाहीं; आणि वर्गांतील मुलांप्रमाणें पाहुणे मध्येंच घंटेची वाट पाहत नाहींत, हा या नोकरींतील विशेष लाभ होय.

आमचें नेहमींचें ठिकाण म्हणजे सवतसडा. लोटे मागें टाकून परशुराम घाटानें चिपळूणकडे जातांना हा धबधबा महामार्गावरूनच दिसतो, व वृद्ध माणसांसही फारसे श्रम न पडतां त्याच्या जवळ जातां येतें. त्याची कथा लोक सांगतात ती अशी: दोन सवती कड्यावर बसल्या होत्या, एक दुसरीची वेणी घालीत होती. वेणी घालणारीच्या मनांत पाप आलें, व तिनें सवतीस खालीं ढकललें. परंतु दोघींच्या पदरांस गांठ बसलेली असल्यामुळें दोघीही गेल्या. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडाफार बदलतो, शेवट बदलत नाहीं. ही कथा आम्ही मोठ्या रसाळपणें सांगत असूं. एकदां मात्र बरोबर आलेल्या आठवीच्या एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, पण त्या दोघींचा नवरा त्या वेळीं कोठें होता?" पाहुणे हंसले, आम्हीही हंसलों, परंतु उत्तर आम्हांजवळ नव्हतें, आणि त्या दिवसापासून ती कथा पूर्वींच्या उत्साहानें आमच्या तोंडून निघत नाहीं. मेघालयांत सोहरानजीक नोहकालिकाई नांवाचा ३४० मीटर उंचीचा धबधबा आहे. त्याच्या नांवांतही लिकाई नांवाच्या एका दुर्दैवी स्त्रीची उडी आहे. पाण्यास नांव देतांना लोकांस बायकांचींच दुःखें कां आठवतात, हें एखाद्या विद्वानानें शोधून पाहण्याजोगें आहे.

कथेमागून आमचें भूगोलाचें व्याख्यान. सह्याद्रि हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला, ही सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींची गोष्ट. कांहीं थर कठीण, कांहीं सच्छिद्र व मऊ. पाणी मऊ थर पोखरतें, वरचा कठीण थर आधार सुटून तुटतो, आणि धबधबा हळूहळू मागें सरकत जातो. हें आम्ही सांगत असतां पाहुणे धबधब्याकडे पाठ करून स्वतःचींच छायाचित्रें काढीत असतात.

वाटाड्यांच्या जातीस जगांत फारसें चांगलें नांव नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील नायगारा धबधब्यापाशीं घोडागाडीवाले व वाटाडे प्रवाशांस इतके लुबाडीत, आणि प्रत्येक मोक्याच्या जागेस कुंपण घालून दाम उकळण्याचा प्रकार इतका बोकाळला, कीं शेवटीं १८८५ सालीं न्यूयॉर्क राज्याच्या सरकारानें कांठची जमीन आपल्या ताब्यांत घेऊन ती सर्वांस फुकट खुली केली. ही हकीकत आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. ती आमच्या डोक्यांत इतकी पक्की बसली होती, कीं तिच्यामुळेंच पुढील चूक आमच्या हातून घडली, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें. अर्थात् ही सबब झाली.

सन २०१९ च्या जुलै महिन्यांतील ही गोष्ट. कॉलेजांतील आमचे एक जुने मित्र सहकुटुंब आले होते. बरोबर त्यांचे दोन मुलगे, एक दहा वर्षांचा व एक सात. त्यांस सवतसड्यासारखा रस्त्यावरचा धबधबा नको होता, "खरा" धबधबा पाहिजे होता. तेव्हां आम्हीं त्यांस खोपीकडे नेलें. खोपीवरून रघुवीर घाट चढतो व पलीकडे सातारा जिल्ह्यांतील कांदाटीच्या खोऱ्यांत जातो. पावसाळ्यांत त्या बाजूच्या घळीघळींतून पाणी कोसळतें. घाटाखालच्या रानांत आंत एक धबधबा आहे, परंतु तेथें जावयास ओढा दोनदां ओलांडावा लागतो, व त्या वाटेवर आमचें भूगोलाचें ज्ञान उपयोगी पडत नाहीं. म्हणून एका वाडींतून वाटाड्या घेतला. मजुरी ठरली पांचशें रुपये.

वाटाड्या साठीकडे झुकलेला, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, कमरेच्या आकडीस कोयता, पाय उघडे. वाटेनें तो एक शब्द बोलला नाहीं. बोलत आम्हीच होतों. ओढा पहिल्यानें ओलांडला तेथें पाणी घोट्याइतकें व आरशासारखें होतें; मुलांस तेथून निघवेना. दुसऱ्या ठिकाणींही तें गुडघ्याच्या खालींच होतें. ऊन पडलें होतें. धबधब्याचा आवाज ऐकूं येत होता. तेथें वाटाड्या थांबला, पाण्यांत पाय घालून क्षणभर उभा राहिला, वांकून कांहीं पाहिलें, आणि मागें वळून म्हणाला, "मास्तर, आज पुढं नाय जायाचं."

"कां बरें?"

"पानी फिरलंय."

आम्हीं पाहिलें, आम्हांस तें होतें तसेंच दिसलें. मग तो एकेक दाखवूं लागला. मघां तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते, आतां त्यांवर चहाच्या रंगाची किंचित् झांक आली होती. पाण्याबरोबर पाचोळा येत होता, आणि तो कांठचा नव्हता, वर कोठें तरी सुटून आलेला होता. आवाजही, त्याच्या म्हणण्याप्रमाणें, जड झाला होता. शेवटीं त्यानें हनुवटीनें वर दाखविलें. घाटमाथा काळ्या ढगांत नाहींसा झाला होता.

घाटमाथ्यावरचा पाऊस आपल्या अंगणांतील पावसाहून निराळा असतो. महाबळेश्वरास वर्षाकाठीं सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उभ्या कड्यांवर माती थोडी व कातळ फार. तो पाणी जिरवीत नाहीं. वर सर पडली कीं खालीं लख्ख ऊन असतांही थोडक्या वेळांत ओढा फुगतो. हें सर्व आम्ही फळ्यावर आकृति काढून शिकवीत आलों आहों. त्या दिवशीं तें आम्हांस आठवलें नाहीं. आठवले ते नायगाऱ्याचे घोडागाडीवाले. मित्र इंग्रजींत हळूच म्हणाले, कीं हा दर वाढविण्याचा डाव दिसतो. आम्हीं त्यांस विरोध केला नाहीं. उलट यजमानाची शोभा राहावी म्हणून वाटाड्यास चढ्या आवाजांत म्हणालों, "अहो बाबा, गुडघाभर तर पाणी! पोरांना आम्ही खांद्यावर घेतों."

त्यानें वाद घातला नाहीं. वाटेंत एक मोठा धोंडा होता, त्यावर तो बसला व तंबाखूची चंची काढून मळूं लागला. त्याच्या बाजूनें पुढें जाणें अशक्य नव्हतें. परंतु तो बसला होता तोंपर्यंत आमच्यापैकीं कोणाचाही पाय उचलेना. दहा मिनिटांनीं आम्ही परत फिरलों.

येथें वाचकांची अशी अपेक्षा असेल, कीं आम्ही मागें वळून पाहतों तों पाण्याचा लोंढा आला. तसें कांहीं आम्हीं पाहिलें नाहीं. वाडीपर्यंत पोंचलों तेव्हां पाऊस सुरू झाला, एवढेंच. ओढ्यास पाणी चढलें कीं नाहीं, चढलें तर किती, हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. आणि ठाऊक नसल्यामुळेंच पुढचें घडलें. मित्र म्हणाले, "पांचशें ठरले ते धबधबा दाखविण्याचे, आणि धबधबा तर यानें दाखविला नाहीं." हा युक्तिवाद आम्हांस त्या वेळीं न्याय्य वाटला. आम्हीं अडीचशें दिले. त्यानें नोटा न मोजतां घडी करून खिशांत घातल्या, आणि मित्रांच्या धाकट्या मुलाच्या पोटरीकडे पाहून तो खालीं बसला. तेथें जळू लागली होती. चंचींतला चुना बोटावर घेऊन त्यानें तिला लावला. ती गळून पडली. मग तो घरीं गेला.

पुढें दोन वर्षांनीं, २२ जुलै २०२१ रोजीं, जगबुडीनें खेडची बाजारपेठ बुडविली, वाशिष्ठीनें चिपळूण बुडविलें, आणि आमच्याच तालुक्यांत पोसरे येथें दरड कोसळून १७ माणसें गेलीं. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याविषयींचें आमचें ज्ञान त्या दिवशीं पुस्तकांतून निघून उंबऱ्याशीं आलें. नंतर ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत मुलेंही होतीं. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांस धरून उभ्या राहिलेल्या त्या माणसांचें चित्रण साऱ्या देशानें पाहिलें. आम्हींही पाहिलें, एकदांच. थोड्या वेळापूर्वीं तेंच पाणी त्यांच्या घोट्यांशीं असेल, असें मनांत आलें, आणि डोळ्यांपुढें उभा राहिला तो वाटेंत बसलेला म्हातारा.

दाखविण्याचे दाम सगळे ठरवितात, परत फिरविण्याचे कोणी ठरवीत नाहीं. ज्याचें ऐकून माणसें सुखरूप घरीं येतात त्याच्यापाशीं, आपलें म्हणणें खरें होतें, याचा पुरावा कोठून यावा? मजुराची मजुरी अडवून ठेवण्याविषयीं जुन्या करारांत काय आज्ञा आहे ती आम्हांस बोर्डिंगांत असल्यापासून पाठ आहे. पुढें आम्हीं ती मुलांकडूनही पाठ करवून घेतली. अडीचशें रुपये म्हणजे कांहीं मोठी रक्कम नव्हे. परंतु तिचा हिशेब मिटेना.

यंदा दिवाळीच्या सुट्टींत आम्ही ते रुपये पाकिटांत घालून त्या वाडींत गेलों. घर सांपडलें, म्हातारा सांपडला नाहीं. तो मुंबईस थोरल्या मुलाकडे राहावयास गेला होता. धाकट्या मुलानें पडवींत बसविलें, पाणी दिलें. अलीकडे पावसाळ्यांत दरडींच्या भयानें सरकारी हुकुमानें घाट पर्यटकांस बंद होतो, तेव्हां वाटाड्याचें कामही फारसें उरलें नाहीं, असें तो म्हणाला. आम्हीं पाकीट पुढें केलें.

"हे कसले पैसे, सर?"

रोज पन्नास मुलांपुढें बोलणारे आम्ही, परंतु त्या पडवींत दोन वाक्यें धड बोलूं शकलों नाहीं. शेवटीं त्यानें बापास फोन लावला व आमच्या हातीं दिला. आम्हीं साल सांगितलें, ओढा सांगितला, दोन मुलें सांगितलीं, जळवेची आठवण दिली. त्यास कांहीं केल्या आठवेना. "तसं लय मान्सांना माघारी फिरवलंय, मास्तर," तो म्हणाला. पैशाचें बोलणें त्यानें ऐकलें न ऐकलेंसें केलें. मग थोडें थांबून त्यानेंच विचारलें,

"मंग नंतर बघितलात का धबधबा?"

"नाहीं."

"म्हंजे तुमचा धबधबा राहिलाय माझ्याकडं. गनपतीला मी गावाला येनार. तवा पानी बेतानं असतं. पोरांना घेऊन या."

पाकीट धाकट्या मुलानें घेतलें नाहीं. बाबा येतील तेव्हां त्यांच्याच हातीं द्या, म्हणाला. तें आमच्या टेबलाच्या खणांत आहे. मित्रांस आम्हीं त्याच रात्रीं कळविलें. त्यांचा थोरला मुलगा आतां उंचीनें बापाच्या वर गेला आहे, व त्याला ती सहल नीटशी आठवत नाहीं. धाकट्यास जळू आठवते.