त्रयोदशीची भरती

फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’च्या चार दिवसांत पक्षी मोजायला माणसं जमवणं सोपं असतं. बोईसरच्या कॉलेजमधली मुलं येतात, एमआयडीसीतले कामगार येतात, भरपूर फोटो निघतात. त्यातले पावसाळ्यानंतर पुन्हा कितीजण दिसतील, याचीच मला काळजी असते.

इथे रविवार ठरवून भागत नाही. एक तर कारखान्यांच्या पाळ्या, त्यात समुद्र. चिंचणीला ओहोटीत पाणी इतकं आत जातं, की दूर चिखलावरचे चिखल्या आणि तुतवार नुसते ठिपके वाटतात. नवखा माणूस दुर्बिणीतून बघून बघून कंटाळतो आणि पुन्हा येत नाही. भरती चढू लागली की तेच पक्षी पाण्यापुढे सरकत आपल्या बाजूला येतात. म्हणून आम्ही दिवस तिथीवरून धरतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्रयोदशीला ती पावणेदहाच्या सुमारास येते. उधाण जवळ आलेलं असतं आणि ऊनही चढलेलं नसतं. रात्रपाळी सुटलेला माणूस चहा घेऊन थेट किनाऱ्यावर पोचू शकतो.

हा हिशेब मी स्वतः करत नाही. तारापूरचे एक मच्छीमार काका करतात. पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्यांना ठाऊक नाहीत, पण ते ‘या’ म्हणाल्याशिवाय गणना ठरत नाही, आणि म्हणूनच ते दरवेळी हजर असतात. प्रमाणपत्रं आणि टोप्या वाटून माणसं टिकताना मी पाहिलेली नाहीत. आपल्यावाचून अडतं, हे कळलेला माणूस टिकतो.

दुसरी अडचण ‘आज काहीच नव्हतं, काय लिहू?’ या प्रश्नाची. तेव्हा मी वाळूवरच बसून समजावतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा 2023चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे, आणि त्यात 942 जातींचा आढावा आहे. एखादी जात वाढतेय की घटतेय, हे ती शंभरातल्या किती पूर्ण याद्यांमध्ये सापडली यावरून काढतात. पक्षी न दिसलेल्या दिवसाची यादी कुणी दिलीच नाही, तर घट कळणार कशी? हे पटलं की मुलं दोन कावळे आणि एक समुद्री बगळाही मन लावून लिहितात.

नोंदींचं पुढे काय झालं, हे मात्र सांगावंच लागतं. तिथे आळस केला की माणसं तुटतात. मी पक्षीनोंदींच्या ‘ई-बर्ड’ संकेतस्थळावरचा आमच्याच किनाऱ्याचा तक्ता मोबाइलवर उघडून सगळ्यांपुढे धरतो. गेल्या वेळी रात्रपाळीहून आलेल्या एकाने विचारलं, ‘सर, नोव्हेंबर रिकामा का?’ कुणी गेलंच नव्हतं, मी म्हटलं. नोव्हेंबरच्या दोन्ही त्रयोदशी त्याने कालनिर्णयात बघून ठेवल्या आहेत. पाळी बदलून घेण्याचं काय ते तोच बघणार आहे.