बोल्टची रायफल कीं तरफेची?

मुलांचा अभ्यास, सणवार आणि घरगुती औषधें यांची चर्चा जेथें नेहमीं चालते, त्या पानांवर बंदुकीचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि त्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक पटकाविलें. तेव्हांपासून रायफल ही केवळ शिपायाची किंवा शिकाऱ्याची वस्तु राहिलेली नाहीं. ती विद्यार्थ्याचीहि झाली आहे. आणि जें विद्यार्थ्याचें, त्याविषयीं चार शब्द बोलण्याचा अधिकार जुन्या शिक्षकास असतोच.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया राज्यांत राहतात. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा तेथील एका नेमबाजी मंडळांत जाऊं लागला आणि कांहीं महिन्यांनीं स्वतःची रायफल मागूं लागला. तिकडे अठरा वर्षांखालील मुलास दुकानदार रायफल विकूं शकत नाहीं. घ्यावयाची ती बापानेंच. नातवास हवी होती तरफेची, बापाच्या मनांत होती बोल्टची, आणि सूनबाईंस घरांत कोणतीच नको होती. शाळेंत असतांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांना घेऊन आम्ही वर्षानुवर्षें चांदमारीच्या मैदानावर जात असूं. तेवढ्या आधारावर तिघांनींहि निवाड्याचें काम आमच्याकडे सोंपविलें.

दोन्ही रायफलींचें काडतूस एकच, पॉइंट बावीस. त्यांतील स्फोटक मसाला टोपणाच्या बुडाच्या मध्यभागीं नसून कडेच्या पोकळ घडींत भरलेला असतो. सुई त्या कडेवर आपटली कीं बार उडतो; म्हणून त्यास रिमफायर असें नांव पडलें. आज सर्वत्र चालणारें 'लाँग रायफल' काडतूस १८८७ सालापासूनचें आहे. गोळी अवघी अडीच ग्रॅमांच्या आसपास, खांद्यास धक्का जवळजवळ नाहीं, आणि खर्चहि इतर काडतुसांच्या मानानें थोडा. म्हणून नवशिक्या मुलापासून ऑलिंपिकच्या खेळाडूपर्यंत सर्वांचें काम त्यावर चालतें.

फरक आहे तो काडतूस आंत घालण्याच्या रीतींत. तरफेच्या रायफलींत चापाभोंवतालचें कडें खालीं ओढून मिटलें कीं रिकामें टोपण बाहेर पडतें व नवें काडतूस नळींत जातें. अमेरिकेंत बेंजामिन टायलर हेन्री यांची १८६० सालची रायफल याच पद्धतीची होती. पुढें विंचेस्टरच्या १८६६ व १८७३ सालच्या रायफलींनीं ही पद्धत घरोघर नेली, आणि चित्रपटांतील घोडेस्वारांनीं ती जगभर पोहोंचविली. आमच्या नातवाचा ओढा तिकडूनच आलेला! बोल्टची रीत दाराच्या अडसरासारखी: दांडी उचलावी, मागें ओढावी, पुढें सारावी, खालीं दाबावी. त्यांत ऐट कांहींच नाहीं.

नेमकेपणांत मात्र बोल्ट सरस ठरतो, आणि त्याचीं कारणें साधीं आहेत. त्या रायफलीचा दस्ता बहुधा अखंड असतो, व चांगल्या बनावटींत नळीचें पुढील अंग लांकडास स्पर्शहि करीत नाहीं. त्यामुळें प्रत्येक बारास नळी सारखीच थरथरते. तरफेच्या रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांचा, आणि नळीखालीं काडतुसांचें नळकांडें अडकविलेलें. एकेक काडतूस कमी होईल तसें पुढचें वजन बदलत जातें. शिवाय तिचा घोडा जड असून त्यास पडण्यास अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत नवशिक्याचा हात हलतो. ऑलिंपिकच्या पन्नास मीटरांवरील लक्ष्यांत दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें, आणि गोळीच मुळीं ५.६ मिलिमीटर जाड. तेथें केसभर फरकहि भोंवतो. पंचवीस यार्डांवर रिकामे डबे पाडावयाचे असतील, तर मात्र तरफेची रायफल कोठेंहि उणी पडत नाहीं.

आतां मोलाचा विचार. तरफेच्या यंत्रांत भाग अधिक, आणि ते एकमेकांस नीट जुळविण्यास कारागिरी अधिक. साहजिकच सारख्या किंमतींत बोल्टवाल्या कारखानदारास नळी व चाप यांवर अधिक पैसा खर्चितां येतो, आणि गोळीचा नेम त्या दोहोंवरच विशेष अवलंबून. उलटपक्षीं, उत्तम तरफेची रायफल जुनी झाली तरी तिचें मोल टिकतें. विंचेस्टरची ९४२२ ही रायफल १९७२ पासून २००५ पर्यंत निघत होती. आज संग्राहक ती शोधीत फिरतात. आणखी एक गोष्ट तरफेच्या बाजूची. आमचा नातू डावरा आहे. तरफ दोन्ही हातांस सारखी. बोल्टची दांडी मात्र बहुधा उजवीकडे. डावऱ्यांसाठीं वेगळी बनावट मिळते, पण निवड थोडी. या मुद्द्यावर नातवानें आम्हांस चांगलेंच अडविलें.

परंतु पारडें फिरविलें तें सूनबाईंच्या एका प्रश्नानें. दूरध्वनीवर त्या म्हणाल्या, "मामंजी, नेम कोणाचा चांगला तें मला ठाऊक नको. ती रिकामी आहे, हें मला कसें कळेल, तेवढें सांगा." घरांत पांच वर्षांची धाकटी नातहि आहे. या प्रश्नापुढें बाकीचे सारे मुद्दे आम्हांस लहान वाटले. तरफेच्या रायफलीचें नळकांडें बंद असतें. एखादें काडतूस आंत अडकून राहिल्यास वरवर पाहणाऱ्यास दिसत नाहीं. बोल्टच्या रायफलीचा बोल्ट समूळ बाहेर काढतां येतो. नळींतून पलीकडचा उजेड दिसला कीं शंका उरत नाहीं, आणि बोल्ट वेगळ्या कपाटांत कुलुपबंद केला कीं उरलेल्या रायफलींतून बार उडूं शकत नाहीं.

म्हणून आम्हीं कळविलें: डावऱ्या हाताची, साधी, बोल्टची रायफल घ्यावी. रायफल एका कुलुपांत, बोल्ट दुसऱ्यांत, काडतुसें तिसऱ्यांत. आणि बोल्टची किल्ली सूनबाईंपाशीं. त्या तेवढ्यावर राजी झाल्या. नातू आठवडाभर आमच्याशीं बोलला नाहीं.

त्याचा राग आम्हांस समजतो. पण छात्रसेनेच्या बोल्टच्या रायफलींवर आम्हीं शेंकडों मुलें पाहिलीं. पहिली गोळी चुकली कीं दुसरी घाईनें झाडण्याची ओढ प्रत्येकास होते. बोल्ट त्या घाईस आडवा येतो. हात चापावरून काढावाच लागतो, आणि तेवढ्या अवकाशांत शहाणा मुलगा श्वास आवरतो. संस्कृतांतील 'लक्ष्य' आणि आपल्या बोलींतील 'लक्ष' हे शब्द एकाच धातूचे आहेत. दुसरें असल्यावांचून पहिलें साधत नाहीं, हें नातवास आज पटलें नाहीं तरी मैदान त्यास पटवील.