गाळलेल्या पाण्याचा उगम

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी पाहणाऱ्यांचे लक्ष प्रथम मूर्तींकडे जाते. खडकात कोरलेल्या पोढ्यांकडे क्वचितच वळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे वस्तीस आलेल्या बौद्ध भिक्षूंनी कातळात पन्हळी खोदून पावसाचे पाणी लेण्यांलगतच्या टाक्यांत आणले. पाणी पिणारा आणि त्याची वाट राखणारा येथे एकच होता.

याच डोंगरांत, १८७९ साली पूर्ण झालेल्या तुळशी तलावाच्या परिसरात, दहिसर नदी उगम पावते. उद्यानात ती खडकांवरून नितळ वाहते. श्रीकृष्णनगर, दौलतनगर या वस्त्यांजवळ येताच तिचा रंग पालटतो. सांडपाणी, तबेल्यांतील शेण, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पुलांवरून टाकलेले निर्माल्य वाहत ती मनोरीच्या खाडीस मिळते. नदी म्हणून निघालेल्या प्रवाहाला वाटेतील लोक नाला म्हणू लागतात.

नळाचे पाणी या नदीचे नव्हे, म्हणून रहिवासी निश्चिंत असतात. भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या जलाशयांतून येणारे पाणी पांजरापूर आणि भांडुप येथे शुद्ध होते, हे खरे. परंतु घराजवळच्या टप्प्यात जलवाहिनी अनेक ठिकाणी गटाराला लागून जाते. पुरवठा ठरावीक तासांचा असल्याने तो थांबून दाब ओसरला, की गळक्या सांध्यांतून बाहेरचे सांडपाणी आत शिरू शकते. त्यापुढे इमारतीच्या टाकीची स्वच्छता ही सोसायटीची जबाबदारी. वरच्या मजल्यांवर शुद्धीकरण यंत्रे असतात. फाटकावरचा रखवालदार मात्र तळमजल्याच्या नळाचेच पाणी पितो.

पाणी गाळून पिण्याचा संस्कार जैन घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. पण जुन्या रीतीत गाळणे हे अर्धेच काम होते. फडक्यात राहिलेली जिवाणी अलगद त्याच विहिरीत परत सोडली जाई. कारण त्या जीवांचे घर तेथे होते. घरातल्या घागरीइतकीच बाहेरच्या विहिरीची काळजी त्या रीतीत सामावलेली होती. नळ आला आणि विहीर दृष्टीआड झाली. गाळणे उरले, जिवाणी मागे पडली.

व्यापारी घराला जमा आणि नावे या दोन्ही बाजू ठाऊक असतात. पाण्याच्या खात्यात मात्र जमेचीच बाजू लिहिली जाते; नावेची बाजू पिशवीत बांधून पुलावरून खाली सोडली जाते. पिण्यासाठी बांधलेल्या पवई तलावाचे पाणी आज पिण्यायोग्य राहिलेले नाही, हा त्याच खात्याचा ताळेबंद आहे.

तो जुळवणे अवघड नाही. निर्माल्य कलशात टाकावे, टाकी धुतल्याची तारीख सूचनाफलकावर लिहावी, रखवालदारालाही घरातलेच पाणी द्यावे. चातुर्मासात दहिसर नदी दुथडी भरून वाहते, तेव्हा पुलावर क्षणभर थांबून खाली पाहावे. विहीर गेली असली, तरी जिवाणी सोडावयाचे पाणी अजून दाराशीच वाहत आहे.