मातीचे मुखवटे

मातीसारखी आज्ञाधारक वस्तू नाही, असे आपण समजतो. दाबावी तशी ती दबते, ओढावी तशी लांबते. तिचे खरे मन मात्र वाळताना कळते. अंगातले पाणी उडू लागले की ती आकसते. पातळ भाग आधी सुकतो, जाड भाग मागे राहतो आणि या ओढाताणीत तिला तडा जातो. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर मी पनवेलमधील माझ्या अंगणात मुलांसह मातीचे मुखवटे करू लागलो, तेव्हा हा धडा मातीनेच आम्हांला दिला.

मुखवटा आपल्याला परका नाही. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह यांची सोंगे मशालींच्या उजेडात रात्रभर नाचतात. ते मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. सोंग घेण्याचा मान घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि मुखवट्याची पूजा होते. अमेरिकेच्या नैऋत्य भागातील प्यूब्लो लोकही आपले मुखवटे इतके पवित्र मानतात, की परक्याने त्यांची नक्कल केलेली त्यांना खपत नाही. म्हणून आम्ही नियम केला : कोणाच्याही देवाचा मुखवटा करायचा नाही.

“मग कोणाचा करायचा?” मुलांनी विचारले.

उत्तरादाखल मी त्यांना प्यूब्लो लोकांतील एका बाईंची हकीकत सांगितली. हे लोक चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून सुंदर भांडी घडवतात. त्यांच्यापैकी कोचिती गावच्या हेलन कॉर्डेरो यांनी १९६४ साली एक मातीची मूर्ती केली. डोळे मिटलेला, तोंड उघडे असलेला एक म्हातारा बसला आहे आणि त्याच्या अंगाखांद्यांवर मुले चढली आहेत. ते होते त्यांचे आजोबा, सांतियागो किंताना. नातवंडांना गोष्टी सांगणारे म्हणून त्यांची ख्याती होती. पुढे त्या भागातील अनेक कारागीर अशा कथेकऱ्यांच्या मूर्ती घडवू लागले.

“ज्याने तुम्हांला गोष्टी सांगितल्या, त्याचा चेहरा घडवा,” मी म्हणालो.

कुंभाराकडून माती आणली. ती खडे वेचून, तुडवून लोण्यासारखी मऊ केली. पालथ्या टोपलीवर ओले फडके पसरून त्यावर मातीची जाड पोळी बसवली. अंगठ्याने डोळ्यांच्या खोबणी दाबल्या, चिमटीने नाके काढली. कोणाचे आजोबा अवतरले, कोणाची मावशी, कोणाचा शेजारचा म्हातारा शिंपी.

एका मुलीने आपल्या आजीचा मुखवटा केला. सावलीत वाळत असताना तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर आडवा तडा गेला. मुलगी काही बोलली नाही. ती नुसती तड्यावरून बोट फिरवीत राहिली.

तडा टाळण्यासाठी मातीत काहीतरी न आकसणारे मिसळावे लागते. आपले कुंभार राख किंवा घोड्याची लीद घालतात. प्यूब्लो लोकांतील अकोमा गावचे कारागीर जुन्या फुटक्या भांड्यांच्या खापऱ्या कुटून ती पूड नव्या मातीत घालतात. एकदा भाजलेली खापरी पुन्हा आकसत नाही. ती कच्च्या मातीला आतून धरून ठेवते. मी हे मुलांना सांगितले आणि प्रत्येकाने एखादी खापरी आणावी असे सुचवले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आजीलाच घेऊन आली. आजीच्या पदराखाली एक कौल होते. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांतल्या एका गावात तिचे घर होते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जेथे ते गाव होते, तेथून आता विमाने उडतात. घर उतरवताना आजीने एवढे एकच कौल जपून ठेवले होते. मुलीने ते खलात ठेवले, पण तिचा बत्ता उचलेना. अखेर आजीनेच तो तिच्या हातून घेतला. “घर गेलं, कौल जपून काय करू?” असे म्हणून तिने पहिला घाव घातला.

नवा मुखवटा सावकाश वाळला. कुंभाराच्या भट्टीतून तो अखंड बाहेर आला, तेव्हा त्याच्या गालांवर कौलाचे बारीक कण चमकत होते.

त्या संध्याकाळी मुलांनी आपापले मुखवटे तोंडापुढे धरून गोष्टी सांगितल्या. त्या मुलीने आजीच्या गावची गोष्ट सांगितली. एका उधाणाच्या रात्री खाडीचा बांध फुटला आणि खारे पाणी भातशेतीत शिरू लागले. सारा गाव कंदील घेऊन बांधाकडे धावला...

“कंदील कुठले? मशाली होत्या!” मागून आजी म्हणाली.

नात थांबली. मुले मागे वळली आणि सरकत सरकत आजीभोवती जमली. कोणी आधी धावले, चिखलाची पाटी कोणी कोणाला दिली, कोणाची गाय वाहून जाता जाता वाचली, हे आजी नावानिशी सांगू लागली. तिचे डोळे मिटलेले होते. नातीने मुखवटा मांडीवर ठेवला होता आणि ती एक एक नाव मनाशी घोकत होती.