जिद्दीच्या पाठीशी उभा राहिलेला कायदा

अमेरिकेच्या पश्चिम भागातली एक जीवनकथा तिकडे फार आदराने सांगितली जाते. माँटाना किंवा वायोमिंगमधल्या गुरांच्या रँचवर वाढलेला मुलगा दुसऱ्या महायुद्धावर जातो, जिवंत परततो आणि पुढची तीस वर्षे घरे बांधत राहतो. ही कथा स्वकर्तृत्वाची म्हणून सांगतात. कर्तृत्व होतेच, ते कोणी नाकारू नये. पण एवढ्यावर थांबलो, तर त्या माणसाच्या आयुष्यातला निर्णायक भाग आपल्या नजरेतून सुटतो.

रँचने त्याला काय दिले ते आधी पाहू. १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. पवनचक्कीवर पाणी उपसायचे, कुंपणाचे खांब रोवायचे, वादळाने उडालेले गोठ्याचे छप्पर पुन्हा घालायचे, हे सारे घरच्याच हातांनी व्हायचे, कारण सुतार बोलवावा तर तो कित्येक मैलांवर. अशा घरातल्या पोराला सोळाव्या वर्षीच लाकडाची आणि लोखंडाची जाण आलेली असे. सैन्याने त्यात आवाका आणि क्रम यांची भर घातली. अमेरिकन नौदलाची ‘सीबीज’ ही बांधकाम दले १९४२ मध्ये उभी राहिली. सुरुवातीला त्यांत मुरलेले कारागीर घेतले होते. सरासरी वय सदतीसच्या आसपास. नंतर सक्तीच्या भरतीतून कोवळी पोरे आली आणि या वडीलधाऱ्या गवंडी-सुतारांच्या हाताखाली शिकली. प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावर या दलांनी साडेआठ हजार फुटांच्या धावपट्ट्या तयार केल्या. आधी कोणते काम, मग कोणते, माल कधी हवा, यंत्र कुठे उभे करायचे, ही शिस्त तिथे अंगवळणी पडली. लाँग आयलंडवर १९४७ पासून लेविटाउन हे सतरा हजारांहून अधिक घरांचे उपनगर उभारणारा विल्यम लेविटही याच सीबीजमध्ये अधिकारी होता.

तरीही एवढ्याने बिल्डर घडत नाही. याचा पुरावा एक पिढी मागे आहे. पहिल्या महायुद्धातही रँचवरची पोरे गेली होती, त्यांचेही हात तितकेच तयार होते. त्यांना सुटका होताना साठ डॉलर मिळाले. पुढे कबूल झालेला बोनस १९४५ मध्ये द्यायचा ठरला होता. मंदीत उपासमार होऊ लागल्यावर तो आताच द्या म्हणून हजारो माजी सैनिक १९३२ मध्ये वॉशिंग्टनला येऊन राहिले, तेव्हा त्यांच्याच सैन्याने अश्रुधूर सोडून त्यांच्या झोपड्या रिकाम्या केल्या. ती लाज राज्यकर्त्यांच्या मनातून गेली नव्हती. म्हणून २२ जून १९४४ रोजी, युद्ध चालू असतानाच, परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या ‘जी. आय. बिल’ या कायद्यावर सही झाली. या कायद्याखाली ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण-प्रशिक्षण घेतले. त्यांतले कॉलेजात गेले सुमारे २२ लाख. बाकीचे बहुतेक कसब शिकले, कामावर उमेदवारी केली किंवा शेतीचे प्रशिक्षण घेतले. दुसऱ्या बाजूने सरकारने माजी सैनिकांच्या गृहकर्जाला हमी दिली. म्हणजे घर बांधणारा सैनिक आणि ते विकत घेणारा सैनिक, दोघेही एकाच कायद्याने उभे केले. १९४४ मध्ये देशात एका कुटुंबासाठीची स्वतंत्र घरे सव्वा लाखही सुरू झाली नव्हती. १९५० मध्ये ती सतरा लाखांच्या घरात गेली.

युद्धानंतर भरभराट आलीच होती, कायदा नसता तरी घरे झालीच असती, असे कोणी म्हणेल. पण १९४४ साली जाणत्या लोकांना भीती होती ती पुन्हा मंदी येण्याची. शिवाय नुसती गरज घर बांधत नाही. बँकेने कर्ज द्यावे लागते. ते नाकारले की काय होते, हे कृष्णवर्णीय सैनिकांनी भोगले. तेही शेतावर वाढले, तेही लढले, त्यांनीही रस्ते आणि धावपट्ट्या बांधल्या. पण कर्ज गोऱ्या बँकांच्या हाती, उमेदवारी गोऱ्या कामगार संघटनांच्या हाती, आणि लेविटाउनच्या करारपत्रात तर गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये अशी अटच होती. जिद्द तीच असूनही दार बंद राहिले. माझ्या मते कर्तृत्व की कायदा या वादाचा निकाल इथेच लागतो. एकाच पलटणीतले दोन गोरे सैनिक पाहिले, तर एक बिल्डर झाला आणि दुसरा दारूत बुडाला, हेही खरे. तेवढा फरक माणसाचा. सरकार कोणाच्या हातून खिळा ठोकून घेऊ शकत नाही. मात्र ज्याला ठोकायचा आहे त्याच्यापुढे लाकूड आणि काम ठेवू शकते.

आता आपल्याकडे पाहू. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या शेतकरी घरातून फौजेत जाणाऱ्या मुलांबद्दल आपण अभिमानाने बोलतो. तीही पस्तिशी-चाळिशीत परततात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या वाट्याला एखाद्या सोसायटीच्या फाटकावरची खुर्ची येते. २०२२ च्या अग्निपथ योजनेने हे वय पंचविशीच्या आत आणले. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतील, बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा निधी घेऊन घरी येतील. रक्कम लहान नाही, पण ट्रॅक्टर आणि बहिणीचे लग्न यांत ती संपायला किती वेळ लागतो, हे गावात कोणालाही विचारा. त्यांना कसबाचे प्रमाणपत्र, उमेदवारीची जागा आणि हमीचे कर्ज ही तिन्ही एकत्र मिळायला हवीत, आणि ती ते गावी परतण्याआधी तयार असायला हवीत. आमदार-खासदारांकडे सत्काराच्या कमानीऐवजी आपण हे मागितले पाहिजे.